राधानगरी-गगनबावडा पट्टा: यंदाचं ऊन, तलावाचं पाणी आणि वळीव

भोगावतीकाठ
१ एप्रिल, रात्री ९.१०

मार्च संपता संपता हवामान खात्याचा एप्रिल ते जूनचा नकाशा येतो आणि दुसऱ्या दिवसापासून माझा फोन तापायला लागतो. "सर, यंदा लई तापणार म्हणं?" "सर, वळीव कवा?" जुने विद्यार्थी, पाहुणे, मुंबईची भाची, कुणी सोडत नाही. एकेकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथं एकदाच लिहितो. चुकलं तर पकडा, पकडणारे इथं कमी नाहीत.

आधी त्या नकाशाचं. त्यात आपला कोल्हापूर जिल्हा नखाएवढा. लाल रंगाचा अर्थ एवढाच की तिन्ही महिन्यांची सरासरी नेहमीच्या वर राहण्याची शक्यता जास्त आहे. उद्या किती होईल ते त्यात नसतं, आणि दाजीपुरात किती होईल हे तर त्याला विचारायचंच नाही. गगनबावड्याला वर्षाला साधारण पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, शिरोळला पाचशे-सहाशे. मधलं अंतर एसटीनं काही तासांचं. जिथं पाऊस दहा पटीनं बदलतो तिथं ऊन तरी एकसारखं कसं असणार?

मी राहतो राधानगरीच्या खालच्या अंगाला, नदीकाठी. निवृत्त झाल्यापासून घराच्या उत्तर बाजूला फळ्यांच्या झिरझिरीत पेटीत तापमापक टांगलाय, छातीच्या उंचीवर. गच्चीवर पावसाचं मापही आहे. रोज सकाळी साडेआठला दोन्हींची नोंद वहीत. भिंतीला टेकवलेल्या तापमापकाचा किंवा गाडीच्या पडद्यावरचा आकडा मला पाठवू नका, तो भिंतीचा आणि गाडीचा असतो.

वहीत एक गोष्ट दरवर्षी दिसते. आपल्याकडं मेपेक्षा एप्रिल जास्त जाळतो. मे उजाडला की दुपारनंतर ढग जमायला लागतात, घाट चढून येणारा कोकणचा वारा दमट होतो, पारा अंशा-दोन अंशांनी उतरतो. पण घाम सुकत नाही. म्हणून मेमध्ये तापमापकाला कमी आणि माणसाला जास्त उकडतं. वर्गात खारे वारे आणि मतलई वारे शिकवताना पोरं पेंगायची. आता तीच पोरं फोन करून वारं कुठून आहे विचारतात.

तलावाचं सांगायचं तर लक्ष्मी तलाव, म्हणजे राधानगरी धरण, भरला की ८.३६ टीएमसी, काळम्मावाडी २५.३९, तुळशी ३.४७. एक टीएमसी म्हणजे २८०० कोटी लिटरच्या वर. पेपरात रोज आकडा येतो, पण मला तो पाण्याच्या कडेला जास्त कळतो. एप्रिलमध्ये पाणी उतरलं की फुगवट्यात बुडालेले जुने बांध वर येतात, मग झाडांचे काळे बुंधे, मग पाटीएवढ्या खपल्यांत फुटलेला गाळ. त्या खपल्यांवर म्हशींचे खूर उमटलेले असले की समजायचं, पाणी परवापर्यंत इथं होतं.

आता तुमच्या तुमच्या गावाचं सांगा.

केंदाळ
१ एप्रिल, रात्री ९.४२

रंकाळ्यावरून बोलतोय. हवा: भेळ खाण्यायोग्य. पाणी: हिरवं. वळीव: आला की सगळ्यात आधी आमच्या गल्लीतली लाईट सांगते.

सर, आज एक एप्रिल आहे, त्यामुळं तुमचं किती खरं धरायचं?

भोगावतीकाठ
१ एप्रिल, रात्री ९.५०

बाळा, दहावीला भूगोलात तुला किती होते ते इथं लिहू का?

कृष्णाकाठी
२ एप्रिल, सकाळी ७.३०

सर, शिरोळातनं नमस्कार. तुमच्याकडं निदान सांजचं वारं तरी येतं. हितं काळ्या रानात दुपारी बारा ते चार कुत्रंबी सावली सोडत न्हाई. टीव्हीवाले रोज 'उष्णतेची लाट' म्हणत्यात. मग खातं लाट का जाहीर करत न्हाई?

दुसरं. तुमच्या तलावात पाणी असतंय आन आमच्या वाट्याला उपसाबंदी. उसाच्या खोडव्याला दोन पाणी चुकली की टनाचा हिशेब कोण देणार?

भोगावतीकाठ
२ एप्रिल, सकाळी ८.५५

अण्णा, लाटेचं माप ठरलेलं आहे. मैदानी भागात पारा ४० च्या वर हवा आणि शिवाय तिथल्या नेहमीच्या तापमानापेक्षा साडेचार अंश तरी चढ हवा. डोंगरी ठाण्याला ३० ची अट, किनाऱ्याला ३७ ची. कोल्हापूरचं एप्रिलचं नेहमीचं कमाल तापमान ३७ च्या आसपास. म्हणजे ४१-४२ च्या घरात गेल्याशिवाय कागदावर लाट नाही. ३९ ला तुमचा जीव जातो तो खराच, फक्त त्याला लाट म्हणत नाहीत. शिरोळच्या रानात उसाला पाणी दिलेलं असतं, हवेत वाफ असते, तिथं ३९ हे विदर्भातल्या कोरड्या ४२ इतकंच बाधू शकतं. हे खात्याच्या व्याख्येत बसत नाही म्हणून अंगाला लागत नाही असं थोडंच आहे.

पाण्याचं मात्र आमच्यावर ढकलू नका. धरण आमच्या दारात आहे, चावी नाही. शाहू महाराजांनी हे धरण मनावर घेतलं ते दुष्काळ बघितला होता म्हणूनच. शतकभरापूर्वी सुरू झालेलं काम पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर. ते बांधलं खालच्यासाठीच. पण ऊन तलावावरही पडतं. दिवसाला सहा मिलिमीटर वाफ झाली असं धरलं तर एका हेक्टर पाण्यातून साठ हजार लिटर उडतात, रोज. हे पाणी ना तुमच्या खोडव्याला ना आमच्या भाताला.

बंदीच्या दिवसांत केटी बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, नीट बसलेत का तेवढं गावानं बघावं. ज्या बंधाऱ्याला देशभर 'कोल्हापूर पद्धतीचा' म्हणतात, तो कोल्हापुरातच गळतो.

ठसका
२ एप्रिल, दुपारी १.१५

माझा साधा प्रश्न आहे. चटणी कधी करू?

संकेश्वरी आणि ब्याडगी मिळून दहा किलो मिरच्या आणून ठेवल्यात, गच्चीवर घालायच्यात. तीन कडक उन्हं पाहिजेत. कांडपवाल्याकडं नंबर लावायचाय, तो म्हणतो वीस तारखेनंतर गर्दी. गेल्या साली मी दुपारी जरा पडले आणि वळवानं अख्खं वाळवण भिजवलं. कुरडया तर परत चीक झाल्या. सासूबाई अजून सांगतात येणाऱ्या-जाणाऱ्याला.

भोगावतीकाठ
२ एप्रिल, दुपारी ४.०५

वहिनी, या आठवड्यात उरका. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात वळीव येतच नाही असं नाही, पण मे जसजसा जवळ येतो तसतशी दुपारनंतरची खात्री जाते. सकाळी नऊला घाला, अडीचला बघा. दक्षिणेकडं किंवा पूर्वेकडं फुलकोबीसारखे पांढरे ढग उभे वाढताना दिसले की तासभर हातात आहे असं समजा. त्या ढगांचा माथा ऐरणीसारखा सपाट पसरला की तोही नाही.

वळीव बहुतेक वेळा उगवतीकडून नाहीतर दक्षिणेकडून येतो, पश्चिमेकडून नाही. लोक घाटाकडं तोंड करून बसतात आणि हा पाठीमागून येतो. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकातून खाली दक्षिणेपर्यंत हवेच्या कमी दाबाचा एक पट्टा अधूनमधून तयार होतो. समुद्राकडची ओली हवा आणि आतल्या बाजूची कोरडी हवा तिथं भिडतात. तो पट्टा आपल्या जवळ सरकला आणि दुपारी जमीन तापलेली असली की भडका उडतो. पट्टा लांब असला तर नुसतंच उकडतं.

ठसका
२ एप्रिल, दुपारी ४.२०

फुलकोबी लक्षात राहील. ऐरण बघायची वेळ येऊ देत नाही.

पन्हाळा_की_राधानगरी
३ एप्रिल, रात्री १०.३०

नमस्कार. आम्ही डोंबिवलीचे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात आई (वय ७४), दोन मुलं आणि आम्ही दोघं तिकडं यायचं म्हणतोय. रिसॉर्टवाला म्हणाला, "थंड हवेचं ठिकाण आहे, स्वेटर आणा." खरं का? आणि काजवे नक्की दिसतात का?

केंदाळ
३ एप्रिल, रात्री १०.३४

स्वेटर आणा. जिथं बसाल तिथं खाली घालायला उपयोगी पडतो.

भोगावतीकाठ
४ एप्रिल, सकाळी ८.४०

ताई, त्याचं मनावर घेऊ नका. पण रिसॉर्टवाल्याचंही घेऊ नका.

हजार मीटर चढलं की साधारण साडेसहा अंश कमी, हा ढोबळ नियम. पन्हाळा ९७७ मीटरवर, म्हणजे कोल्हापूर शहरापेक्षा चारशे-सव्वाचारशे मीटर वर. फरक अडीच ते तीन अंशांचा. शहरात ३७ असेल तर गडावर ३४. याला थंड म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा. खरा फरक पडतो सूर्य कलल्यावर. डोंबिवलीत रात्रीही भिंती उकळत असतात, इकडं साडेसातनंतर अंगण निवतं. आईंना पातळ चादर पुरे. दुपारी बारा ते चार त्यांना बाहेर काढू नका, दाजीपूरची जंगलफेरी पहाटेचीच घ्या. उन्हाळ्यात पाणवठ्यावर गवे दिसण्याची शक्यता जास्त. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं, तेव्हा पुढं ढकलायचं असेल तर जूनवर ढकलू नका.

काजव्यांची खात्री कुणी दिली तर तो धंदा करतोय. वळवाच्या दोन-तीन सरी झाल्या आणि हवा दमट झाली की मेच्या उत्तरार्धात ते भरात येतात. हिरडा, ऐन असल्या झाडांवर सगळे मिळून लुकलुकतात, अख्खं झाड एकदम विझतं आणि एकदम पेटतं. फोनची बॅटरी लावून बघायला गेलात तर काहीच दिसणार नाही. दर वर्षी कुणीतरी गाडीचे दिवे चालू ठेवून विचारतो, कुठायत काजवे?

सड्यावरची
४ एप्रिल, रात्री ८.१५

सगळे थंड हवा, काजवे बोलायला लागलेत म्हणून लिहिते. मी गगनबावड्याच्या वरच्या अंगाला एका धनगरवाड्यावरची. आता नोकरीला शहरात असते, सुट्टीला जाते.

आमच्याकडं पावसाळ्यात चार महिने सूर्य दिसत नाही. कपडे चुलीवर वाळवायचे. आणि मार्च संपला की झऱ्यावर रांग. खडकातली खळगी, तीत करवंटीनं पाणी काढायचं, घागरीच्या तोंडावर फडकं. एक करवंटी काढली की थांबायचं, परत पाझरेपर्यंत. एक घागर भरेस्तवर तिघींच्या गप्पा संपतात. आई पहाटे चारला जायची कारण तेव्हा रात्रभराचं साठलेलं असतं.

मागं एकदा एका कचेरीत अर्ज घेऊन गेले, तिथले साहेब म्हणाले, "तुमच्या तालुक्यात जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस पडतो, टंचाई कशी?" मला उत्तर सुचलं नाही. सर, तुम्ही सांगा काय सांगायचं होतं.

भोगावतीकाठ
४ एप्रिल, रात्री ९.३०

पोरी, त्या साहेबांना जांभ्या दगडाचा तुकडा नेऊन दाखवायचा होता. वर जांभा, त्याला भोकंच भोकं, पाणी स्पंजासारखं आत जातं. खाली काळा बसाल्ट, मध्ये चिकणमातीचा थर. पाणी त्या थरापर्यंत उतरतं आणि सड्याच्या, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळाच्या, कडेला झरा म्हणून बाहेर येतं. जांभ्याची जाडी जेवढी, तेवढे दिवस झरा चालतो. पातळ सडा असेल तर दिवाळीलाच आटतो. पाऊस पाच हजार पडो की सहा, खालचं भांडं तेवढंच, उरलेलं कोकणात नाहीतर आमच्या नदीत. बोअर मारून हे सुटत नाही, उलट कधी कधी झराच तुटतो.

आणि वणवा. सड्यावरचं गवत जळालं की पहिल्या पावसात माती वाहते, जांभ्याची भोकं बुजतात. चैत्रात रात्री घाटाकडं जी लाल रेघ दिसते ना, लोक तिचा फोटो काढतात.

भट्टीवाला
५ एप्रिल, सकाळी ६.५०

सर, करवीर तालुक्यात वीटभट्टी हाय. दीड लाख कच्ची वीट रानात उभी. कागद झाकायला माणसं पाहिजेत, माणसं सांजला गावाला जात्यात. किती आधी कळंल?

भोगावतीकाठ
५ एप्रिल, सकाळी ९.००

आधीचं आणि खात्रीचं या दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत, दादा. खात्याचा चार आठवड्यांचा अंदाज दर गुरुवारी येतो, त्यावरून कामगारांचा अंदाज बांधा, विटा झाकू नका. जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाज आणि पिवळा-नारिंगी इशारा बघून कागद आणून ठेवा. झाकायचं ते तीन तासांच्या तातडीच्या इशाऱ्यावर आणि स्वतःच्या डोळ्यावर. 'तुरळक ठिकाणी' हा शब्द आला की लोक हसतात, पण वळवाचं खरं वर्णन तेच आहे. ढग पाच-सात किलोमीटर रुंद, तास-दीड तासाचं आयुष्य. तुमची भट्टी त्याखाली येईल की शेजारच्याची हे आदल्या दिवशी कुणीही सांगू शकत नाही. सांगणारा भेटला तर पैसे देऊ नका.

काजूबी_चंदगड
५ एप्रिल, दुपारी २.१०

इथं सगळेच ऊन नको म्हणतात, ऊन पाहिजे म्हणणारा बहुतेक मी एकटाच असेन. काजूला मोहोर आला तेव्हा ढगाळ हवा आणि धुकं, ढेकण्या किडीनं शेंडे काळे केले. आता जे बी धरलंय ते वाळू दे. बी खाली पडायच्या दिवसांत रोज वळीव लागला तर काळं पडतं, व्यापारी हातात घेऊन नुसता हलवून बघतो आणि दर पाडतो. वीस मेपर्यंत आभाळ मोकळं राहिलं तर जोतिबाला नारळ.

वाफसा
६ एप्रिल, रात्री ८.४५

सर, मूळ मुद्द्यावर या. धूळवाफ, म्हणजे पावसाआधी कोरड्या रानात भाताची पेरणी, करायची का नाही?

२०२५ ला काय झालं आठवा. २४ मेला मान्सून केरळात आणि दुसऱ्या दिवशी कोकणात. त्याच्या आधीपासूनच आमच्या भुदरगडात पाऊस लागलेला. रान वाळलंच नाही, वाफसाच (पेरण्याजोगी ओल) आला नाही, पेरायची कुरी परड्यात तशीच उभी. शेवटी चिखल करून रोपलावण केली, बायकांची मजुरी वाढली. आणि त्याच्या दोन वर्षं आधी उलटं. रोहिणीत पेरलं, मान्सूनच केरळात ८ जूनला, वर अरबी समुद्रात ते बिपरजॉय, पाऊस काही इकडं फिरकेना. मध्ये एक बारकी सर पडली तेवढ्यात बी उगवलं आणि करपलं. अर्धं रान परत पेरलं. आबा म्हणतात, 'रोहिणीचा पेरा, मोत्याचा तुरा'. तुरा कुठाय?

भोगावतीकाठ
७ एप्रिल, सकाळी ९.२०

रात्री वही घेऊन बसलो होतो, म्हणून उशीर.

आबांची म्हण खोटी नाही, अर्धी ऐकलेली आहे. धूळवाफेला दोन पाऊस लागतात आणि मध्ये एक उघडीप. पहिला वळीव एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे ढेकळं फुटतात, कुळव चालतो, तणाचं बी उगवतं आणि मोडता येतं. मग रान धुळीसारखं कोरडं व्हायला दहा-बारा दिवस. मग २५ मेला रोहिणी निघाली की पेरणी. बी कोरड्या धुळीत निजून राहतं. त्यानंतर यायचा तो सलग पाऊस यावा, दहा-पंधरा मिलिमीटरची चुकार सर नको. ती सर म्हणजे बी उठवून अंथरूण काढून घेण्यासारखं. तुझं २०२३ ला तेच झालं.

म्हणून मी 'पाऊस लवकर की उशिरा' हे विचारतच नाही. पेरल्यानंतर पाऊस तुटणार का, हे विचारतो. त्याचं उत्तर एप्रिलमध्ये कुणाकडंच नसतं. एप्रिलच्या मध्याला खातं मान्सूनचा पहिला अंदाज देतं तो चार महिन्यांचा आणि देशाचा. मेअखेर सुधारून देतं. त्यावर कुरी जुंपायची नसते. मेचा शेवटचा गुरुवारचा अंदाज आणि मंगळवार-शुक्रवारचा कृषी सल्ला, एवढ्यावर निर्णय घे. माझं मत विचारशील तर निम्मं रान धुळीत पेर, निम्म्याचं रोप टाक. आबा चिडतील. चिडू देत.

एल निनोचं, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापतं त्याचं, कुणीतरी काढणारच म्हणून आधीच सांगतो. १९९७ ला मोठा एल निनो होता आणि देशाचा पाऊस सरासरीएवढा झाला. २०२३ ला एल निनो, तर त्या सालचा ऑगस्ट महिना १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा. २०१९ ला जून कोरडा गेला, लोक म्हणाले दुष्काळ, आणि ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर. धोक्याची पातळी ४३. तेव्हा समुद्राचं तापमान बघून आपल्या बांधावर बोलू नये.

वाफसा
७ एप्रिल, सकाळी ९.३५

निम्मं-निम्मं पटलं. आबांना तुमचं नाव सांगतो.

कृष्णाकाठी
७ एप्रिल, रात्री ८.००

एक राहिलं. इजेचं लिहा सर. दोन सालाखाली आमच्या भावकीतली म्हस आंब्याखाली बांधलेली, वळवात गेली. माणूस दावं सोडायला निघाला हुता, म्हातारीनं हात धरून घरात ओढला म्हणून वाचला.

भोगावतीकाठ
७ एप्रिल, रात्री ८.४०

वीज चमकल्यावर मोजा. गडगडाट ऐकू येईपर्यंतच्या सेकंदांना तीननं भागलं की किलोमीटर. तिसाच्या आत आवाज आला तर काम सोडा, पक्क्या घरात जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाड नको, पत्र्याची उघडी शेड नको, विहिरीची मोटर चालू-बंद करायला जाणं तर नकोच. फोनवर 'दामिनी' घाला, पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलंय, जवळ वीज पडत असेल तर सांगतं. रेंज नसेल तर वरची सेकंदांची रीत आहेच. म्हातारीला माझा नमस्कार सांगा.

केंदाळ
१९ एप्रिल, दुपारी ४.१२

सर!! पूर्वेकडं फुलकोबी!! ऐरण पण!!

ठसका
१९ एप्रिल, दुपारी ४.१५

चटणी बरणीत आहे. येऊ दे.

कृष्णाकाठी
१९ एप्रिल, दुपारी ४.५०

हितं आलं. आधी वावटळ, शेजारच्या गोठ्याचं दोन पत्रं आमच्या उसात. मग गारा, ज्वारीएवढ्या. आता सरळ धार लागलीया. सर, तुमच्याकडं?

भट्टीवाला
१९ एप्रिल, सांज ५.३०

झाकलं हुतं. आलंच न्हाई. रस्त्याच्या पलीकडं मातूर चिखल हाय.

भोगावतीकाठ
१९ एप्रिल, सांज ६.०५

आमच्याकडं नुसता वारा. आंब्याच्या शे-दीडशे कैऱ्या खाली, मापात शून्य. मातीचा वास मात्र येतोय, कुणाच्या तरी रानाचा. लाईट गेली आहे, फोन ९ टक्के, बाकीचं सकाळी साडेआठनंतर.